खोडलेल्या नोंदींचा इतिहास

सन २००३ च्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. त्या वेळी माझी नेमणूक कोलकात्यास होती. एके दुपारी, निवृत्तीला चार वर्षे राहिलेले एक लेखनिक अर्ज घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. सरकारी निवासस्थानांच्या प्रतीक्षायादीत मार्चअखेर त्यांचा क्रमांक १४ होता, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्टमध्ये तोच क्रमांक ४१ दिसत होता. मला घर द्या, असेही ते म्हणत नव्हते. ३१ मार्च रोजी यादीत आपण कोठे होतो आणि पुढे तो क्रमांक कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने बदलला, एवढेच त्यांना लेखी हवे होते.

आदल्याच वर्षी ती यादी नोंदवहीतून संगणकावर गेली होती. मी संबंधितांना बोलावून विचारले. संगणकाने तत्परतेने उत्तर दिले: ४१. मार्चमधील स्थिती त्याला ठाऊकच नव्हती. नवा क्रमांक लिहिला गेला त्या क्षणी जुना नाहीसा झाला होता. आज्ञावली तयार करून देणाऱ्या कंपनीचा तरुण अभियंता आला. अत्यंत नम्रपणे तो म्हणाला, "सर, निविदेत ही अपेक्षा लिहिलेलीच नव्हती."

त्याचे म्हणणे खरे होते. निविदेचा मसुदा करणाऱ्या समितीत मी स्वतः सदस्य होतो. उत्तर किती सेकंदांत मिळावे, एका वेळी किती जणांना काम करता यावे, अहवाल किती प्रकारचे असावेत, हे सारे आम्ही तपशीलवार लिहिले होते. बदललेल्या नोंदीची पूर्वस्थिती जपावी, हे वाक्य कोणालाही सुचले नाही. मागितलेली माहिती अभिलेखात उपलब्ध नाही, अशा उत्तरावर मी सही केली. ते गृहस्थ २००७ साली भाड्याच्या खोलीतूनच निवृत्त झाले. त्यांचा दावा खरा होता की नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. ते कळण्याचा मार्गच आम्ही शिल्लक ठेवला नव्हता.

एवढी साधी सुविधा डेटाबेसमध्ये मुळातच का नसते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माझे शिक्षण अर्थशास्त्रातले. तरीही या प्रश्नाचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

कागदाची शिस्त

वाचकांपैकी अनेकांची गावाकडे थोडीफार वडिलोपार्जित जमीन असेल. जुना हस्तलिखित सातबारा त्यांनी पाहिला असेल, तर एक गोष्ट आठवेल. खातेदार वारला वा जमीन विकली गेली, तर तलाठी जुने नाव पुसून टाकत नसे. तो त्या नावाला कंस करी, नवे नाव लिही आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक टाकी. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की बदल कशामुळे झाला, केव्हा झाला आणि कोणी प्रमाणित केला, ते सारे वाचता येई. कंसातले नाव मालक राहिले नसले, तरी ते कागदावर वाचता येत असे. लहानपणी आजोळी आजोबांनी मला असा उतारा दाखवला होता. त्यातील कंसांची रांग म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळच होती.

हिशेबाच्या वह्यांची रीतही हीच. चुकलेला आकडा रबराने खोडायचा नाही, त्यावर गिरवायचे नाही. एक रेघ मारावी, योग्य आकडा लिहावा आणि आद्याक्षरी करावी. सरकारी सेवेत आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच हे शिकवले जाते. मग ही शतकांची शिस्त यंत्रात उतरली का नाही?

स्मृती कोठे हरवली

आश्चर्याची बाब अशी की, आरंभीच्या संगणकांमध्ये ती होती. चुंबकीय फितीवर काम चाले तेव्हा जुनी मुख्य फीत आणि दिवसभरातील व्यवहारांची फीत यंत्रात घालून त्यांतून नवी मुख्य फीत तयार करीत. जुनी फीत तशीच कपाटात जाई. या पद्धतीला आजोबा, वडील आणि मुलगा असे घरगुती नाव होते, कारण किमान तीन पिढ्या जपल्या जात. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक ही चकती बाजारात आणली. तिच्यावर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हव्या त्या जागी थेट जाऊन तेथील मजकूर बदलणे आता शक्य झाले. कामाचा वेग कैक पटींनी वाढला. मात्र जागच्या जागी बदल करायचा, तर जुन्यावर नवे लिहावेच लागते.

१९७० साली आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी तक्त्यांच्या रूपात करण्याची कल्पना प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. त्या विचारात तक्ता कालानुसार बदलतो हे गृहीत होते. पण प्रत्यक्ष यंत्रे बांधताना तक्ता म्हणजे या क्षणाची स्थिती, असाच अर्थ रूढ झाला. त्यामागे लोभ नव्हता, टंचाई होती. आयबीएमची ३३८० ही १९८० सालची चकती एखाद्या मोठ्या कपाटाएवढी असे आणि तिची क्षमता सुमारे अडीच गिगाबाइट होती. आज तेवढी जागा खिशातल्या दूरध्वनीतही सहज असते. त्या काळी मात्र जुनी नोंद ठेवणे ही चैन होती.

धोका कोणाच्याच लक्षात आला नाही, असेही नाही. डेटाबेसमधील व्यवहाराच्या संकल्पनेला ज्यांनी शास्त्रीय रूप दिले, त्या जिम ग्रे यांनी १९८१ च्या एका निबंधात जागच्या जागी बदल करण्याच्या प्रथेला विषारी सफरचंदाची उपमा देऊन तिच्याविषयी शंका व्यक्त केली होती. शतकानुशतकांच्या जमाखर्चाच्या रीतीचा हा भंग आहे, हे त्यांनी तेथे नमूद केले आहे. इशारा छापून आला, वाचला गेला आणि उद्योग आपल्या मार्गाने पुढे गेला.

आली आणि काढून टाकली

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण पोस्टग्रेसचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या सुमारास हा प्रकल्प हाती घेतला. १९८७ साली त्यांनी त्याच्या साठवणुकीची रचना प्रसिद्ध केली. तिचे मुख्य तत्त्व असे की, नोंद कधीही खोडायची नाही. बदल झाला की नवी ओळ लिहायची आणि जुनी राहू द्यायची. कालांतराने जुन्या ओळी एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर हलवायच्या. अमुक तारखेला काय स्थिती होती, असे त्या डेटाबेसला सरळ विचारता येत असे. या सोयीला त्यांनी कालप्रवास असे नाव दिले होते. थोडक्यात, आमच्या लेखनिकांचा प्रश्न बर्कलीत सोळा वर्षे आधीच सुटला होता.

पुढे काय झाले? विद्यापीठातील प्रकल्प संपला. १९९६ पासून जगभरातील स्वयंसेवकांनी तो पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने पुढे चालवला. १९९७ साली आलेल्या ६.२ या आवृत्तीत त्यांनी कालप्रवासाची सोय काढून टाकली. कारणे त्यांनी उघडपणे नोंदवली आहेत: वेग मंदावतो, जागा फार लागते आणि वेळेची नोंद ठेवणारी फाइल अल्पावधीत बेसुमार फुगते. ज्यांना गरज असेल त्यांनी जोडसुविधा वापरून आपापली सोय करावी, असे ठरले. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत ती जोडसुविधाही वगळण्यात आली.

गंमत अशी की, खोडायचे नाही हे मूळ तत्त्व त्या डेटाबेसच्या सांगाड्यात आजही आहे. अनेकांनी एकाच वेळी काम करावे म्हणून जुन्या ओळी थोडा काळ राखल्या जातात. मग सफाईची प्रक्रिया येते आणि त्या ओळींची जागा मोकळी करते. म्हणजे यंत्र जुने ते क्षणभर जपते; पण आपल्याला विचारू देत नाही.

हा निर्णय घेणाऱ्यांना नफ्याची अपेक्षा नव्हती, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा प्रत्येक उणिवेमागे विक्रेत्याची लबाडी शोधणे बरोबर नाही. या सुविधेचा खर्च प्रत्येक वापरणाऱ्यावर, प्रत्येक दिवशी पडतो. तिचा लाभ मात्र थोड्यांना, कित्येक वर्षांनी आणि अवचित होतो. असा हिशेब समोर आला की, व्यापारी असो वा स्वयंसेवक, कात्री तेथेच चालते.

गुण कशाला मिळतात

व्यापारी विक्रेत्यांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. १९८५ साली जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेटाबेसची क्षमता मोजण्यासाठी बँकेतील जमा-नावे व्यवहारांवर आधारलेली एक चाचणी सुचवली. १९८८ साली अशा चाचण्यांचे नियमन करणारी टीपीसी ही परिषद स्थापन झाली. प्रत्येक सेकंदाला किती व्यवहार होतात आणि त्या प्रत्येकाची किंमत किती, हे दोन आकडे सर्वांच्या तोंडी झाले. त्या चाचणीतील व्यवहारात एक इतिहासनोंदही लिहावी लागे, हे खरे. परंतु ती आज्ञावलीने स्वतः लिहायची होती. डेटाबेसने आपणहून पूर्वस्थिती जपली, तर त्याला गुण नव्हते. उलट वेग घटला म्हणून गुण गेलेच असते. परीक्षेत न येणारा धडा शाळेत शिकवला जात नाही. तसेच हे झाले.

कॉड यांचा निबंध आला त्याच वर्षी, १९७० साली, जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीचा प्रसिद्ध निबंध छापून आला. खरेदीच्या वेळी ज्या गुणाची पारख करता येत नाही, त्या गुणाला बाजारात भाव मिळत नाही आणि तो गुण असलेला माल हळूहळू बाजारातून हटतो, असा त्याचा मथितार्थ आहे. वेग प्रात्यक्षिकात दिसतो, किंमत लिफाफ्यात दिसते. स्मृती मात्र तक्रार येईपर्यंत दिसत नाही. त्यातही सरकारी खरेदीत पैसे देणारा एक, यंत्र चालवणारा दुसरा आणि परिणाम भोगणारा तिसराच असतो. आमच्या लेखनिकांनी ती आज्ञावली विकत घेतली नव्हती, ते ती वापरतही नव्हते. विक्रेता ग्राहकाचे ऐकतो हे खरे मानले, तरी या व्यवहारात ते ग्राहक नव्हतेच.

मानकाची लांबलेली वाट

मग हे काम मानक ठरवणाऱ्यांनी करावे, अशी अपेक्षा रास्त होती. अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड स्नॉडग्रास यांच्या पुढाकाराने १९९३ साली एक समिती बसली. एसक्यूएल या प्रश्नभाषेला काळाची जाण देणारी टीएसक्यूएल-२ ही भाषा तिने १९९४ साली मांडली. ती आंतरराष्ट्रीय मानकात यावी म्हणून प्रयत्न झाले. ब्रिटनकडून त्यावर तात्त्विक आक्षेप आले. वाद मिटला नाही आणि २००१ च्या सुमारास ते काम थांबवण्यात आले. सरकारी समित्यांमध्ये हयात घालवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कालावधी कसा लिहावा यावर विद्वानांचे एकमत झाले नाही, आणि तोवर जगभरातील कार्यालये जुन्यावर नवे लिहीत राहिली.

अखेर २०११ च्या एसक्यूएल मानकात ही सोय आली. आयबीएमच्या डीबी-२ ने २०१० मध्येच ती दिली होती. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २०१६ साली आली, मारियाडीबीमध्ये २०१८ साली. ओरॅकलने २००१ मध्ये नजीकच्या भूतकाळात डोकावण्याची सोय दिली होती. दीर्घकाळ इतिहास जपणारी सोय २००७ साली आली, पण स्वतंत्र शुल्क भरून घेण्याचा पर्याय म्हणून. येथे उणिवेचा आणखी एक प्रकार दिसतो. वस्तू दुकानात असते, पण वरच्या फळीवर. ज्याला तिची निकड आहे तो जास्त पैसे मोजेल, हे दुकानदार जाणतो. अर्थशास्त्रात याला किंमतभेद म्हणतात आणि त्यात बेकायदा काही नाही. मात्र सर्वांत कमी किमतीची निविदा स्वीकारणारे कार्यालय त्या फळीपर्यंत कधीच हात नेत नाही.

वापरणाऱ्यांना खरोखर काय हवे असते

एवढ्यावर थांबलो, तर चित्र अपुरे राहील. वापरणाऱ्यांना हवे ते विक्रेते देत नाहीत, असे आपण म्हणतो. पण कोणत्या वापरणाऱ्यांना? भारतातील हिशेबाच्या आज्ञावलींचे उदाहरण घ्या. मागील तारखेची नोंद मागाहून, मागमूस न ठेवता बदलता येणे, ही अनेक व्यावसायिकांच्या दृष्टीने उणीव नसून सोय होती. लेखापरीक्षकाला बदलांची नोंद हवी होती, भागधारकाला आणि कर अधिकाऱ्याला ती हवी होती; पण आज्ञावलीचे पैसे यांपैकी कोणीही देत नव्हते.

हा पेच बाजाराने सोडवला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये नियमांत सुधारणा केली. कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असे ठरले. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आणि अखेर १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना नियम लागू झाला. त्यानंतर विक्रेत्यांना ही सुविधा अवघड गेली, असे काही दिसले नाही. जी गोष्ट वर्षानुवर्षे खर्चिक म्हणून टाळली जात होती, ती एका परंतुकाने सर्वसामान्य झाली.

याचा अर्थ सारे काही कायमचे जपावे असाही नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीच्या २०२३ च्या कायद्यात नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काही परिस्थितींत पुसून घेण्याचा हक्क दिलेला आहे. एखाद्याचा जुना आजार वा जुना पत्ता कार्यालयाने निष्कारण जपून ठेवणे हादेखील अन्यायच आहे. काय विसरायचे हे ठरवणे आवश्यक आहे. पण ते ठरवून, लिहून आणि कोणीतरी सही करून विसरले गेले पाहिजे. यंत्रात जागा नव्हती किंवा निविदेत ओळ नव्हती, म्हणून विसरले जाऊ नये.

एक ओळ

माहितीचा अधिकार २००५ साली आला. अमुक दिवशी काय नोंद होती, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. मात्र त्या कायद्यानेही अस्तित्वात असलेलीच माहिती मागता येते. जी नोंद उरलीच नाही, तिच्यावर हक्क कसा बजावणार? म्हणून या प्रश्नाचे मूळ माझ्या मते विक्रेत्याच्या कार्यालयात जेवढे आहे, त्याहून अधिक आपल्या टेबलावर आहे. खरेदीचा मसुदा लिहिणारा अधिकारी हा त्या तिसऱ्या माणसाचा, जो यंत्र विकतही घेत नाही आणि चालवतही नाही, एकमेव प्रतिनिधी असतो. तो गप्प बसला, तर बाजाराला त्या माणसाचा आवाज ऐकू येण्याचे दुसरे साधन नाही.

कोलकात्यानंतर निरनिराळ्या राज्यांत अशा चार समित्यांवर मी काम केले. प्रत्येक मसुद्यात मी एक ओळ घालत आलो: कोणत्याही मागील तारखेची स्थिती, ती कोणी व केव्हा बदलली यासह, विचारता आली पाहिजे. दोन वेळा खर्चाच्या कारणास्तव ती ओळ वित्त शाखेने वगळली. एकदा ती राहिली. पण साठवणुकीचा काळ तीन वर्षांवर आला. शेवटच्या वेळी ती जशीच्या तशी राहिली.

त्या चौथ्या कार्यालयात गेल्या वर्षी एक कर्मचारी सेवाज्येष्ठतेची तक्रार घेऊन आला. त्याने विचारलेली तारीख संगणकात घातली गेली. यादी आली, बदल करणाऱ्याचे नाव आले, कारणही आले. बदल नियमानुसार होता आणि तक्रार फेटाळली गेली. तो माणूस कागद वाचून, घडी घालून, खिशात ठेवून निघून गेला. निकाल त्याच्या विरुद्ध होता. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले होते.

कोलकात्याच्या त्या गृहस्थांना मी एवढेही देऊ शकलो नाही.